मुंबई किती तासांवर?

परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या डोक्यात एक हिशेब कायम चालू असतो, पण तो सहसा कोणी बोलून दाखवत नाही. रात्री अडीच वाजता फोन खणखणला आणि पलीकडून भावाचा बदललेला आवाज आला, तर आपण किती तासांत घरी पोचू? घरापासून विमानतळ, मिळेल ते तिकीट, विमानातला प्रवास, आणि मुंबईत उतरल्यावर पुढे पुण्याला, नाशिकला किंवा सांगलीला जाणारी गाडी. या बेरजेत सर्वांत मोठा आकडा असतो तो विमानातल्या तासांचा. तो कसा कमी होत गेला आणि अलीकडे अधूनमधून पुन्हा कसा वाढू लागला आहे, हा इतिहास मला मोठा रंजक वाटतो, म्हणून आज तो वाचकांपुढे ठेवतो.

आपला सर्वसाधारण समज असा, की विमाने दिवसेंदिवस वेगवान होत गेली आणि म्हणून मुंबई जवळ आली. १९६० सालापर्यंत हा समज खरा आहे. त्यानंतरच्या साठ-पासष्ट वर्षांत मात्र प्रवासी विमानांचा वेग जवळजवळ वाढलेलाच नाही. १९६० मधले बोइंग ७०७ ताशी ९०० ते ९५० किलोमीटरने जात असे. आज ज्या ७७७ मध्ये आपण बसतो, तेही ताशी ९०० च्या आसपासच जाते. मग वाचले ते तास कुठले?

आधी थोडे गणित. मी पेशाने संगणकवाला असलो तरी या गणिताला संगणक लागत नाही. घरात मुलांचा पृथ्वीचा गोल असेल तर शिवणाचा एक दोरा घ्या, त्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे न्यूयॉर्कवर ठेवून तो ताठ ओढा. सपाट नकाशा पाहून सवय झालेल्या डोळ्यांना वाटते, की दोरा अरबस्तान, भूमध्य समुद्र, अटलांटिक असा सरळ पश्चिमेला जाईल. तो तसा जात नाही. मुंबईहून निघून तो उत्तरेकडे चढू लागतो : सिंध, कंदाहारचा परिसर, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, व्होल्गाकाठच्या सारातोव्हजवळून सेंट पीटर्सबर्गच्या दक्षिणेकडे, मग फिनलंड-स्वीडनमधले आखात, नॉर्वे, आइसलंडची पूर्व बाजू, ग्रीनलंडचे दक्षिण टोक, लॅब्राडॉर, आणि कॅनडातून खाली उतरत न्यूयॉर्क. ही झाली सर्वांत जवळची वाट. तिची लांबी सुमारे १२,५५० किलोमीटर. ताशी ९०० ने भागले तर चौदा तास येतात.

गंमत अशी, की वाटेत लंडनला उतरलो तर अंतर फारसे वाढत नाही. मुंबई-लंडन सुमारे ७,२०० आणि लंडन-न्यूयॉर्क सुमारे ५,५५०, म्हणजे एकूण १२,७५०. वळसा फक्त दोनशे किलोमीटरचा, मुंबईहून कोल्हापूरला जाण्याच्या निम्म्याइतका. तेव्हा प्रवासाचे तास कुठे जातात हे पाहायचे तर अंतर बाजूला ठेवून दोन प्रश्न विचारावे लागतात : वाटेत थांबावे किती लागते, आणि कोणाच्या डोक्यावरून जाण्याची परवानगी आहे? माझ्या मते गेल्या दोनशे वर्षांचा या प्रवासाचा इतिहास हा या दोन प्रश्नांचाच इतिहास आहे.

२० मार्च १८३० रोजी 'ह्यू लिंडसे' नावाची आगबोट मुंबईहून सुएझला निघाली. ही बोट मुंबईच्याच गोदीत बांधलेली. तोवर विलायतेची वाट आफ्रिकेला वळसा घालून जाई, आणि शिडाच्या जहाजाला चार-पाच महिने सहज लागत. ही बोट २२ एप्रिलला सुएझला पोचली. या तेहतीस दिवसांपैकी इंजिन चालू होते जेमतेम एकवीस दिवस. उरलेला वेळ वाटेतल्या बंदरांत कोळसा भरण्यात गेला! इंधनासाठी थांबणे हा या मार्गाचा जन्मजात आजार आहे, तो असा.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला आणि लंडन-मुंबई सागरी अंतर सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले. जहाजाचा वेग वाढला म्हणून ही घट झाली नव्हती. मधली जमीन कापून वाट मोकळी केली म्हणून झाली होती. कालवा झाल्यावर चौदा वर्षांनी आपल्या आनंदीबाई जोशी त्या वाटेने गेल्या. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत चढल्या, लंडनमार्गे ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवस. वय अठरा, सोबतीला अमेरिकन मिशनरी स्त्रिया, बोटीवरचे अन्न चालत नाही म्हणून खाण्याचे हाल. त्यांना उतरवून घ्यायला आलेल्या श्रीमती कार्पेंटर न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या. रोझेल कुठे, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. नेवार्क विमानतळावरून गाडीने ते काही मिनिटांवर आहे.

त्या काळी बातमी आणि माणूस यांच्या वेगात फार फरक पडू लागला होता, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. १८७० मध्ये मुंबईपर्यंत समुद्रातली तार पोचली आणि बातमी काही तासांत येऊ लागली, पण माणूस मात्र महिन्याने. बातमी आधी कळायची आणि करता काही यायचे नाही, हे परदेशवासीयाचे दुःख बहुधा तिथून सुरू झाले. तोपर्यंत निदान दोन्ही सारख्याच उशिराने येत असत.

१९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले. जून महिन्याच्या आरंभी बडोदे सरकारशी शिष्यवृत्तीचा करार झाला आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ते न्यूयॉर्कला पोचले होते. आनंदीबाईंच्या अठ्ठावन्न दिवसांवरून गाडी महिन्याभरावर आली होती. १९१७ मध्ये ते लंडनहून परतले तेव्हा पहिले महायुद्ध पेटलेले होते. स्वतः सुखरूप पोचले, पण वेगळ्या बोटीने पाठवलेली त्यांची पुस्तके, ती बोट पाणतीराने बुडवल्यामुळे समुद्रात गेली. वाट तीच, बोटीही तशाच. कोणाचे कोणाशी वैर आहे यावर काय पोचते आणि काय नाही हे ठरले.

आता आकाशाकडे वळू. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडन-कराची टपाल व प्रवासी सेवा सुरू केली. सात दिवसांचा प्रवास, भाडे १३० पौंड. त्या सात दिवसांचा तपशील वाचला की हसू येते आणि कौतुकही वाटते. लंडनजवळच्या क्रॉयडनहून स्वित्झर्लंडमधल्या बाझेलपर्यंत विमान. तिथे उतरून आगगाडीत बसायचे, कारण युरोपातल्या हद्दींच्या भानगडीत पुढच्या तुकड्याला हवाई परवानगी नव्हती. आगगाडीने इटलीतल्या जिनोआला गेल्यावर पाण्यावर उतरणारे विमान, त्यातून अलेक्झांड्रिया. मग कैरोहून पुन्हा चाकांचे विमान : गाझा, बगदाद, बसरा, इराणच्या किनाऱ्याने ग्वादर आणि कराची. विमाने रात्री उडत नसत. संध्याकाळ झाली की मुक्काम. बैलगाडीच्या प्रवासासारखाच प्रकार, फक्त बैल जरा उंचावरून जात.

इराणच्या किनाऱ्याची ही परवानगीही मुदतीची होती. १९३२ मध्ये ती संपली आणि कंपनीला आखाताच्या पलीकडे, अरबस्तानच्या बाजूला सरकावे लागले. त्यासाठी शारजा इथे विमानतळ आणि प्रवाशांचे विश्रामगृह बांधण्यात आले. आज आखातातले विमानतळ ही अर्ध्या जगाची धर्मशाळा झाली आहे आणि आपल्यातले कित्येक जण तिथे मध्यरात्री कॉफी पीत बसलेले असतात. त्या व्यवसायाच्या पायाभरणीत इराणने नाकारलेल्या परवानगीचाही एक दगड आहे.

त्याच वर्षी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन छोट्या पस मॉथ विमानातून अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूच्या धावपट्टीवर उतरले. अहमदाबादला विमानात भरायचे पेट्रोल बैलगाडीतून आले होते. त्या टपालातली विलायतेची पत्रे इंपीरियलच्या विमानाने कराचीपर्यंत आलेली. म्हणजे मुंबई त्या दिवशी लंडनच्या हवाई वाटेला जोडली गेली.

स्वातंत्र्यानंतर वर्षभराच्या आत, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान मुंबईहून लंडनला निघाले. पस्तीस प्रवासी, थांबे कैरो आणि जिनिव्हा, वेळ साधारण एक दिवस. सात दिवसांचा एक दिवस झाला तो एकोणीस वर्षांत. इतकी मोठी घट या मार्गाने नंतर कधीच पाहिली नाही.

मग जेट विमाने आली. १९६० च्या वसंतात एअर इंडियाची बोइंग ७०७ विमाने लंडनला जाऊ लागली आणि १४ मे १९६० रोजी ती न्यूयॉर्कला पोचली. मुंबई-न्यूयॉर्क प्रवास थांबे धरून दिवसाभरावर आला. मात्र थांबे होतेच. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ शिखरावर आदळलेले 'कांचनजंगा' विमान आपल्याला डॉ. होमी भाभांमुळे आठवते. त्याच्या वेळापत्रकात मुंबईहून निघाल्यावर दिल्ली, बैरुत, जिनिव्हा आणि लंडन असे टप्पे होते. जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना तो घात झाला. टप्पा म्हणजे नुसता वेळेचा खर्च नसतो. प्रत्येक टप्प्याला एकदा उतरणे आणि एकदा चढणे आले, आणि जोखीम मुख्यतः तिथेच असते.

१९६५ च्या अमेरिकन कायद्याने स्थलांतराची दारे उघडल्यावर खिशात आठ डॉलर घेऊन आलेली आपली पहिली मोठी पिढी याच विमानांनी आली. त्या पिढीतल्या ज्येष्ठांशी बोलले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते. बातमी तारेने यायची, तिकिटाला कित्येक महिन्यांचे पैसे लागायचे, आणि धावपळ करून निघाले तरी अंत्यदर्शन मिळायचे नाही. दहाव्याला तरी पोचलो, असे समाधान मानायचे. विमान त्याच वेगाने उडत होते, ज्या वेगाने आजचे उडते. तरीही वाट फार लांब होती.

मधल्या काळात वेग वाढवण्याचा एक प्रयत्न झाला. कंकॉर्ड हे ध्वनीच्या दुप्पट वेगाचे विमान तयार होत होते आणि एअर इंडियानेही त्यातल्या दोन विमानांसाठी नाव नोंदवून ठेवले होते. १९७५ मध्ये ते मागे घेतले. बरेच झाले, असे मी म्हणेन. त्या विमानाचा पल्ला सात हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबई-लंडनही एका दमात जेमतेम. शिवाय त्याच्या गडगडाटामुळे जमिनीवरून पूर्ण वेगाने उडायची मुभा मिळेना. आपली वाट तर बहुतेक जमिनीवरूनच जाते. अशा ठिकाणी तो घोडा नुसता बांधून ठेवावा लागला असता.

१९७१ मध्ये 'सम्राट अशोक' हे पहिले जंबो आले. जागा वाढल्या, पुढे तिकिटे परवडू लागली, पण लंडनचा थांबा काही सुटला नाही. यामागचे तांत्रिक कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही. लांबच्या उड्डाणात इंधन वाहून नेण्यासाठीच इंधन जळते. मुंबई-न्यूयॉर्क थेट जाऊ शकणारे ७७७-२०० एलआर हे विमान टाक्या पूर्ण भरून उडते तेव्हा त्याचे वजन सुमारे ३४७ टन असते आणि त्यातले १४५ टन नुसते इंधन. प्रवासी, सामान, लोणच्याच्या बरण्या हे सगळे मिळून त्याच्या निम्मेही भरत नाही. एक तासाचे अंतर वाढले तर नुसते त्या तासाचे इंधन घेऊन भागत नाही. ते आधीचे चौदा तास पाठीवर वाहायलाही जादा इंधन लागते. म्हणून थांबा टाळायचा तर इंजिने कमी पिणारी हवीत, आणि वाट शक्य तितकी सरळ हवी.

इंजिने सुधारत गेली. सरळ वाट मात्र सोव्हिएत संघावरून जात होती. १९४४ च्या शिकागो करारापासून प्रत्येक देश आपल्या आकाशाचा धनी मानला जातो. दुसऱ्याच्या प्रवासी विमानांना न उतरता वरून जाऊ देण्याचा एक वेगळा करार बहुसंख्य देशांनी केला आहे, पण रशियाने त्यावर कधी सही केलेली नाही. तिथे प्रत्येक वाट वाटाघाटीने आणि पैसे मोजून मिळते. शीतयुद्धाच्या काळात हे आकाश बाहेरच्यांना बव्हंशी बंदच होते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विरघळला आणि पुढच्या दशकात त्या आकाशातल्या वाटा हळूहळू खुल्या झाल्या.

आणि मग थोड्याच वर्षांत एकामागून एक थेट विमाने सुरू झाली. १ नोव्हेंबर २००५ ला काँटिनेंटलने नेवार्क-दिल्ली, पुढच्या वर्षी त्याच तारखेला डेल्टाने न्यूयॉर्क-मुंबई, १ ऑगस्ट २००७ ला एअर इंडियाने मुंबई-न्यूयॉर्क, आणि त्याच शरदात काँटिनेंटलने नेवार्क-मुंबई. मुंबईकडे जाताना साडेचौदा तासांच्या आसपास, इकडे येताना साडेपंधरा ते सोळा. हा तासाभराचा फरक उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यांचा. जाताना ते पाठीशी असतात, येताना तोंडावर. उन्हाळ्यात मुंबईहून रात्री एकला निघालेला माणूस सकाळी सातला इथे उतरतो, घड्याळाच्या हिशेबाने सहाच तासांत. अंगाला मात्र सगळे तास कळतात.

म्हणजे १९६० चा जवळजवळ पूर्ण दिवस पंधरा तासांवर आला तो विमान वेगाने पळू लागले म्हणून आला नाही. ते थांबायचे थांबले, आणि खालच्या देशांनी वरून जाऊ दिले. पहिली गोष्ट अभियंत्यांच्या हातातली आहे, ती एकदा साधली की साधली. दुसरी कोणत्याही रात्री परत घेता येते.

ती घेतली गेलीच. बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आकाश बंद केले ते १६ जुलैपर्यंत. भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला, आणि एकट्या एअर इंडियाचे २ जुलैपर्यंतचे नुकसान ४९१ कोटी रुपये झाल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले. हा खेळ एकतर्फी नाही, हेही सांगितले पाहिजे. जानेवारी १९७१ मध्ये 'गंगा' विमानाचे अपहरण झाल्यावर भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले, आणि कराचीहून ढाक्याला जायला त्यांना लंकेला वळसा घालावा लागला होता.

मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे रशियाचे आकाश अमेरिकन कंपन्यांना बंद झाले आणि युनायटेडने नेवार्क-मुंबई विमान स्थगित केले. काँटिनेंटलकडून वारशाने आलेली ही वाट इथल्या कुटुंबांना फार सोयीची होती. एअर इंडियाला रशियावरून जायची मुभा राहिली, पण तीही निर्धोक नव्हे. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले तिचे विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगादान इथे उतरवावे लागले. दोनशेहून अधिक प्रवासी, त्यांत अमेरिकन नागरिकही, मुंबईहून दुसरे विमान येईपर्यंत तिथे तात्पुरत्या निवाऱ्यात पडून होते.

२४ एप्रिल २०२५ रोजी, पहलगामच्या हल्ल्यानंतर, पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश पुन्हा बंद केले आणि ती मुदत महिन्या-महिन्याने वाढवत नेली. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावे लागू लागले : 'ह्यू लिंडसे'चा कोळसा, दुसऱ्या रूपात. मुंबईला याची झळ त्या मानाने कमी लागली, कारण मुंबईच्या पश्चिमेला अरबी समुद्र आहे आणि समुद्रावरून जायला कोणाची परवानगी लागत नाही. आपली राजधानी मुंबईपेक्षा अमेरिकेला नकाशावर जवळ आहे, पण अशा वेळी ती लांब पडते.

पुढच्या वेळी मुंबईला जाल तेव्हा चित्रपट लावण्याआधी समोरच्या पडद्यावरचा नकाशा थोडा वेळ पाहा. आपल्या दोऱ्याची वाट आता पाठ झाली असेलच. विमानाची रेघ त्या दोऱ्यापासून कुठे सुटते, कोणत्या देशाच्या सीमेपाशी ती वळते आणि पलीकडे गेल्यावर परत कुठे सरळ होते, ते मोजा. शेजारी मूल बसले असेल तर त्याला विचारा, विमान इथे का वळले असेल? चौदा-पंधरा तास हाताशी असतातच.